चॉकलेटची तलफ: दोष कोणाचा, यावरची बदलती उत्तरं

गोडाची ओढ माणूस जन्मतःच घेऊन येतो. नवजात बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवला की त्याचा चेहरा सैलावतो, कडू थेंबाने तो आक्रसतो. चॉकलेटचं तसं नाही. कोकोचं बी मुळात कडू. मेसोअमेरिकेत, म्हणजे आजच्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागात, त्याचं पेय मका आणि मिरची घालून प्यायलं जाई. साखरेशी त्याची गाठ पक्की बसली ती सोळाव्या शतकापासून, स्पॅनिश लोकांच्या हातून. १८२८ मध्ये व्हॅन हाउटेन यांच्या दाबयंत्राचं पेटंट निघालं आणि कोकोतलं लोणी वेगळं काढता येऊ लागलं. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खाण्याजोगी वडी बनवली आणि १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पीटर यांनी तिच्यात दूध मिसळलं. दुधाच्या चॉकलेटमध्ये वजनाच्या साधारण निम्मी साखर आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास स्निग्धांश असतो, शिवाय ते तोंडाच्या उबेने वितळतं. असं मिश्रण निसर्गात जवळजवळ सापडत नाही.

तलफ आवरत नाही म्हणजे मनोनिग्रह कमी, असं पूर्वी सरसकट मानलं जाई. पुढे दोष रसायनांवर गेला. कोकोतलं थिओब्रोमीन १८४१ मध्येच सापडलं होतं. नंतर फेनिलइथिलअमाइन, मॅग्नेशियम आणि १९९६ मध्ये आनंदामाइड यांची नावं पुढे आली. ‘शरीराला मॅग्नेशियम हवं असतं म्हणून चॉकलेट आठवतं’ हे स्पष्टीकरण आजही ऐकू येतं, पण ते टिकत नाही. तसं असतं तर भोपळ्याच्या बियांची किंवा पालेभाजीची तलफ यायला हवी होती.

याची थेट तपासणी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मिचनर आणि रोझिन यांनी १९९४ मध्ये केली. तलफ आली की सहभागींना कधी दुधाचं चॉकलेट दिलं, कधी पांढरं चॉकलेट, तर कधी कोकोच्या कॅप्सूल. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं लोणी आणि साखर असते, पण कोकोची भुकटी नसते. कॅप्सूलमध्ये रसायनं होती, चव मात्र नव्हती. कॅप्सूलने काहीच साधलं नाही. पांढऱ्या चॉकलेटने तलफ थोडी शमली आणि दुधाच्या चॉकलेटने सर्वाधिक. मागणी चवीची, वासाची आणि वितळण्याची होती. आमच्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी प्रयोग हाच.

मग ही मागणी शिकवतं कोण? १९९९ मध्ये गिब्सन आणि डेझमंड यांनी काही जणांना दोन आठवडे फक्त भुकेल्या पोटी चॉकलेट दिलं, तर काहींना जेवणानंतर लगेच. भुकेल्या पोटी खाणाऱ्यांची तलफ वाढली, भरल्या पोटी खाणाऱ्यांची घटली. म्हणून चॉकलेट खायचंच तर जेवण झाल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत, २० ग्रॅमच्या आसपास, बशीत काढून घ्यावं आणि उरलेलं नजरेआड ठेवावं. दुपारचं जेवण चुकवून संध्याकाळी चॉकलेट खाणं म्हणजे तलफेला खतपाणी घालणंच.

पूर्ण बंदी का फसते, हे १९७५ च्या एका प्रयोगातून कळलं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला, तर त्यांनी नंतर आइसक्रीम कमी नव्हे, जास्तच खाल्लं. नियम एकदा मोडला की उरलेला दिवस वाया गेला, असं मन धरून बसतं. मात्र याचाही अतिरेक नको. काही दिवसांची कडक बंदी तलफ वाढवते, पण महिनोन्‌महिने सांभाळलेल्या मापशीर आहाराने ती बहुधा कमी होत जाते.

२००५ मध्ये कॅव्हनाग, अँड्रेड आणि मे यांनी तलफेच्या केंद्रस्थानी मनातलं चित्र ठेवलं. पदार्थ डोळ्यांसमोर येतो, त्याचा वास आठवतो आणि ओढ वाढत जाते. त्यामुळे त्या चित्राची जागा दुसऱ्या दृश्याने व्यापणं हा उपाय ठरतो. तीन मिनिटं टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा व्हिडिओ गेम खेळल्याने तलफेची तीव्रता उतरल्याचं २०१४ मध्ये दिसलं. पंधरा मिनिटांच्या भरभर चालण्यानेही चॉकलेटची ओढ कमी होते. ‘विचारच करायचा नाही’ असं स्वतःला बजावणं उलटतं, कारण ते बजावताना पदार्थच आठवत राहतो.

जिभेची सवयही बदलते, पण सावकाश. २०१६ च्या एका अभ्यासात साखर बरीच कमी केलेल्यांना तिसऱ्या महिन्यापर्यंत तोच पदार्थ अधिक गोड लागू लागला, आणि जुना आहार परत येताच हा फरक पुसला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेलं खालचं लक्ष्य म्हणजे एकूण ऊर्जेच्या ५ टक्क्यांहून कमी मुक्त साखर (वरून घातलेली, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर), प्रौढांसाठी दिवसाला साधारण २५ ग्रॅम.

इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणारी काही औषधं घेणाऱ्यांनी घाम, थरथर आणि अचानक भूक यांना तलफ समजू नये. रक्तातली साखर तपासावी, ती दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. अशा वेळी चॉकलेट चालत नाही: त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.