सगळेच सॉना इन्फ्रारेड असतात

मेव्हण्याने घर वाढवायला काढलंय. एका कोपऱ्यात दोन बाय दीड मीटरची जागा उरतेय तर तिथे सॉना, म्हणजे घाम काढायला बसायची गरम खोली, बसवायचं त्याच्या डोक्यात बसलंय. परवा त्याने एक जाहिरात फॉरवर्ड केली आणि खाली एकच ओळ, "दाजी, हे खरं आहे का?" जाहिरातीत लिहिलं होतं की जुन्या पद्धतीचा सॉना नुसती हवा तापवतो, आमचे फार इन्फ्रारेड किरण मात्र शरीरात थेट चार सेंटीमीटर आत जाऊन आतून उष्णता देतात. (यातलं 'फार' म्हणजे आपलं पुष्कळवालं फार नव्हे हां, इंग्रजीतलं, लांबचं. रंगपटात तांबड्यापासून लांब असलेले म्हणून फार. विकणाऱ्याला मात्र दोन्ही अर्थ चालतात.)

एका शब्दात उत्तर देता आलं असतं पण विषय माझ्या आवडीचा निघाला त्यामुळे मेव्हण्याला तासभर फोनवर ऐकावं लागलं. आता तुम्ही ऐका.

मराठीत उष्णतेला किती नेमके शब्द आहेत बघा. शेकोटीजवळ बसलो की लागते ती आच. भर दुपारी दार उघडल्यावर अंगावर येते ती झळ. पातेल्यावरचं झाकण काढताना हात भाजते ती वाफ. भौतिकशास्त्राच्या भाषेत आच म्हणजे प्रारण, झळ म्हणजे गरम हवेचं अभिसरण, आणि वाफ भाजते ती संघननामुळे म्हणजे तिचं अंगावर पाणी होताना. शाळेत हे तिन्ही वेगवेगळ्या धड्यांत येतं म्हणून जोडलं जात नाही. कुठल्याही सॉनात ही तीनच माणसं कामाला असतात, फरक फक्त कोणाला किती काम दिलंय एवढाच.

पारंपरिक म्हणजे फिनलंडचा सॉना. (ते लोक 'सौना' म्हणतात, आणि ५५ लाखांच्या देशात साधारण ३० लाख सौना आहेत. २०२० मध्ये युनेस्कोने ही परंपरा वारशाच्या यादीत घेतली.) लाकडी खोली, हीटरवर दगडांचा ढीग, हवा ८० ते १०० डिग्री. मधूनमधून दगडांवर डावभर पाणी टाकायचं की चर्रकन वाफ उठते, तिला ते 'लोयल्यू' म्हणतात. इन्फ्रारेडवाल्यात दगड नाहीत, पाणी नाही, भिंतीत विजेवर तापणारे पॅनल बसवलेले असतात आणि हवा ४५ ते ६० डिग्रीच. कम्बाइन्ड किंवा हायब्रिड म्हणजे एकाच केबिनमध्ये दोन्ही.

आता आच. १८०० साली विल्यम हर्शलने प्रिझममधून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे थर्मामीटर ठेवला तर पारा चढला. तेच इन्फ्रारेड, अवरक्त. पुढे कळलं की प्रत्येक वस्तू असे किरण सोडत असते, फक्त तिच्या तापमानावर ठरतं किती आणि कुठल्या लांबीचे. हिशोब सोपा आहे, २८९८ ला वस्तूच्या केल्व्हिनमधल्या तापमानाने भागायचं की सगळ्यात जोरदार तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. समजा पॅनल ९० डिग्रीला आहे, म्हणजे २७३ मिळवून ३६३ केल्व्हिन. उत्तर आलं ८ मायक्रोमीटर, झालं फार इन्फ्रारेड.

आणि पारंपरिक सॉनाची लाकडी भिंत किती तापलेली असते? वरच्या बाकाजवळ तीही ९० च्या आसपास. भागाकार तोच, उत्तर तेच, ८ मायक्रोमीटर! लाकडाला माहीत नाही की आपण इन्फ्रारेड हीटर नाही आहोत.

नुसती लांबी सारखी नाही, मात्राही बघू. ९० डिग्रीचा पृष्ठभाग चौरस मीटरमागे साधारण ९८० वॅट प्रारण फेकतो (तापमानाचा चौथा घात गुणिले ५.६७ भागिले दहा कोटी, ज्याला आवड आहे त्याने करून बघावं). आपली त्वचा सॉनात ४० डिग्रीच्या आसपास जाते, ती स्वतः ५४० वॅट परत फेकते. म्हणजे निव्वळ कमाई ४४० वॅट, आणि ती सगळ्या बाजूंनी कारण भिंती सगळीकडे आहेत, फक्त पायाकडच्या जरा गार असतात. इन्फ्रारेड केबिनमध्ये पॅनलसमोरच्या अंगाला तेवढी किंवा जास्त आच मिळते (काही केबिनमध्ये पॅनलऐवजी सिरॅमिकचे दांडे असतात, ते २०० डिग्रीच्या पुढेही तापतात पण आकाराने लहान), मात्र जिथे पॅनल नाही, नुसती ५० डिग्रीची भिंत आहे, तिथे तोच हिशोब ७०-८० वॅटवर येतो. तर भरघोस फार इन्फ्रारेड हवंच असेल तर ते जुन्या सॉनात चारी बाजूंनी मिळतंय, आणि आजवर कोणी त्याची जाहिरात केली नाही.

राहिला चार सेंटीमीटरचा मुद्दा. आपल्या त्वचेत भरपूर पाणी आहे आणि पाणी ८ मायक्रोमीटरचे किरण अधाशासारखं गिळतं. शुद्ध पाण्याच्या ०.०२ मिलीमीटर जाडीतच त्यांचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. त्वचा म्हणजे नुसतं पाणी नाही म्हणून सढळ हाताने पाचपट धरा, तरी झाला मिलीमीटरचा दहावा भाग. चार सेंटीमीटर म्हणजे त्याच्या चारशेपट! किरण वरच्या पापुद्र्यातच संपतात. जवळचे इन्फ्रारेड, लालभडक दिव्यातून येतात ते, काही मिलीमीटर आत जातात हे खरंय, पण केबिन विकताना दिव्याचा गुण पॅनलला चिकटवला जातो ही चलाखी आहे.

मग शरीर आतून तापतं कसं? रक्ताने. एरवी त्वचेतून मिनिटाला अर्धा लिटरच्या आत रक्त फिरतं, खूप उष्णतेत ते ६-७ लिटरपर्यंत जाऊ शकतं. त्वचा तापते, रक्त तिथून ऊब उचलतं आणि आत नेतं, म्हणूनच नाडी शंभर-सव्वाशे, कधी दीडशेपर्यंत जाते. रक्ताला ती ऊब पॅनलची का लाकडाची हे काही कळत नाही.

आता माझा लाडका भाग, वाफ. फोनवर मेव्हणा इथेच "हं, हं" करायला लागला होता, पण तुम्ही टिका.

सॉनातला हायग्रोमीटर १० टक्के आर्द्रता दाखवतो आणि लोक म्हणतात कोरडी हवा. पण ही टक्केवारी त्या तापमानाला मावेल तेवढ्या वाफेच्या तुलनेत असते, आणि ९० डिग्रीच्या हवेत घनमीटरमागे ४२० ग्रॅम वाफ मावते. त्याचे १० टक्के झाले ४२ ग्रॅम. धो धो पाऊस चालू असताना ३० डिग्रीच्या पूर्ण ओल्या हवेत असते ३० ग्रॅम. म्हणजे ही 'कोरडी' हवा पावसाळ्यापेक्षा ओली आहे! आता दवबिंदू आठवा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो. गार बाटलीवर पाणी का जमतं, तर बाटली हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असते म्हणून. ९० डिग्रीला साडेदहा टक्के आर्द्रता झाली की दवबिंदू ४० डिग्रीवर पोचतो, आणि ४० डिग्रीला कोण आहे? आपली कातडी. त्या क्षणी आपण गार बाटली होतो.

एरवी एक ग्रॅम घाम सुकताना अंगातून २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो, याच जोरावर आपण ९० डिग्रीच्या हवेत टिकतो (शिवाय हवा उष्णता फार हळू देते, पाण्यापेक्षा वीसपट वाईट वाहक, म्हणून ९० डिग्रीच्या हवेत बसता येतं, पाण्यात नाही). दवबिंदू कातडीच्या वर गेला की घाम सुकणं बंद, उलट हवेतली वाफ अंगावर जमायला लागते आणि प्रत्येक ग्रॅम तेच २४०० ज्यूल अंगात ओतून जातो. लोयल्यू म्हणजे उलटा चालवलेला घाम! पाणी टाकल्यावर थर्मामीटर जवळजवळ तिथेच असतो पण कानाची पाळी आणि खांदे एकदम चटकतात ते यामुळे, आणि अंगावरून निथळतं त्यातलं बरंच आपलं नसतंच, दगडावरचं असतं. बाहेरची साधी हवा नुसती तापवलेली, अजून पाणी न टाकलेली सहा घनमीटरची खोली धरली आणि हे घडवायला पाणी किती लागतं मोजलं तर दोनशे ग्रॅमच्या आसपास आलं, म्हणजे फक्त दोन डाव.

हे समजलं की २०१० चा अपघातही समजतो. फिनलंडमध्ये हेनोला गावी सॉनात बसण्याची जागतिक स्पर्धा व्हायची, ११० डिग्री, आणि दर ३० सेकंदांनी अर्धा लिटर पाणी. अंतिम फेरीत एक स्पर्धक दगावला, दुसरा गंभीर भाजला, स्पर्धा कायमची बंद झाली. ११० हा आकडा बातम्यांत गाजला, माझ्या मते खरा भयंकर आकडा त्या अर्ध्या लिटरचा होता.

तर इन्फ्रारेड केबिनमध्ये नसतं ते हे, लोयल्यू. आच असते, झळ थोडी, वाफ शून्य. काहींना नेमकं तेच सोसतं, डोकं गरगरत नाही, श्वासाला गरम हवा नको वाटत असेल तर बरं पडतं. ही काही फसवणूक नाही, फक्त वेगळी गोष्ट आहे.

आरोग्याचं बोलायचं तर फिनलंडमधल्या कुओपिओ शहराच्या ज्या अभ्यासाचा सगळे दाखला देतात तो २०१५ साली छापून आला, २३१५ मध्यमवयीन पुरुष, सुमारे २० वर्षं. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांत अचानक हृदय बंद पडून मरण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी होतं. पण हा निरीक्षणाचा अभ्यास, रोज सॉनाला वेळ असलेला माणूस तसाही निवांत आणि धडधाकट असू शकतो. आणि तो सॉना होता दगड-पाण्याचा, इन्फ्रारेडच्या जाहिरातीत तो चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या मार्कशीटवर आपलं नाव. इन्फ्रारेडची स्वतःची परंपरा जपानमधली, वाऑन उपचार, ६० डिग्रीत १५ मिनिटं आणि मग अर्धा तास ब्लँकेट, हृदय कमजोर झालेल्यांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत. 'डिटॉक्स' मात्र दोघांनीही सोडावं. घाम म्हणजे ९९ टक्के पाणी आणि मीठ, विष काढायला यकृत-मूत्रपिंड बसलेत. घटलेलं वजन दोन ग्लास पाण्यात परत येतं. 'जीवनऊर्जेच्या कंपनांशी जुळणारे किरण' वगैरे वाचलं की पान उलटायचं, अशी कंपनं तापलेल्या पत्र्यातूनही निघतात. गरोदर बायका, नुकताच हार्ट अटॅक आलेले, बीपीच्या गोळ्या घेणारे, यांनी आधी डॉक्टरला विचारावं आणि दारू पिऊन तर कोणीच आत जाऊ नये.

घरात बसवायचं गणित आता लवकर होतं. दगडवाल्याला घनमीटरमागे साधारण एक किलोवॅट, म्हणजे सहा घनमीटरला ६ किलोवॅट, २३० व्होल्टला २६ अँपिअर, साध्या सॉकेटचं काम नाही, वेगळी लाइन ओढावी लागते. भिंतीत फॉइलचा अडसर हवा नाहीतर वाफ लाकडामागे जाऊन कुजवते. हवा यायला-जायला झरोके हवेत. तापायला अर्धा-पाऊण तास. इन्फ्रारेड दीड-दोन किलोवॅटमध्ये, तयार केबिन, साध्या सॉकेटवर, दहा-पंधरा मिनिटांत बसता येतं. फक्त पॅनल पाठीमागेच नकोत, पोटऱ्यांकडे आणि समोरही हवेत, कारण आच सरळ रेषेत येते, वळून येत नाही. समोर नुसती काच असेल तर पोट गारच राहतं.

आणि हायब्रिड? वरचा हिशोब परत लावा. दगडांनी खोली ९० डिग्रीला नेली की ९० डिग्रीचा पॅनल म्हणजे आणखी एक भिंत, जादा काहीच देत नाही. बऱ्याच मॉडेलांत दोन्ही एकदम पूर्ण चालतही नाहीत. वायरिंग, फॉइल, झरोके हे सगळं दगडवाल्यासारखंच करावं लागतं, वर पॅनलचा खर्च. घरात एकाला वाफ लागते आणि दुसऱ्याला सोसत नाही, किंवा रोज पाऊण तास थांबायचा कंटाळा, अशा घरात हायब्रिडला अर्थ आहे. दोन्हीचे फायदे एकाच वेळी म्हणून घेणार असाल तर नको.

मेव्हण्याला म्हटलं, तुला वाफ हवी का नको एवढं ठरव, बाकी आपोआप ठरतं. तो म्हणाला वाफ हवी, आणि लगेच, "मग दाजी, दगड नदीतले आणले तर चालतील का?" नको. गुळगुळीत गोट्यांच्या भेगांत पाणी अडकलेलं असतं, तापल्यावर ते फुटून उडू शकतात. सॉनासाठी विकतात ते डायबेस किंवा ऑलिव्हिनचे घट्ट दगड घे, धुऊन घे, आणि सैल रच म्हणजे मधून हवा जाईल.