गेस्ट मेमरीचे वाचन अडवणे
आभासी यंत्रातील गेस्ट प्रणाली ठरावीक पत्त्यावरील मेमरी वाचू लागताच प्रोसेसरने तिला थांबवून ताबा हायपरवायझरकडे (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) देण्याची योजना. उपकरणांच्या रजिस्टरांचे अनुकरण, डीबगिंग आणि बाहेरून ठेवलेली पाळत यांसाठी ती वापरतात.

तिचा उगम कोठे धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. आयबीएमच्या सीपी-४० व सीपी-६७ या आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालींपर्यंत (१९६० च्या दशकाचा उत्तरार्ध) तो मागे नेता येतो. पोपेक व गोल्डबर्ग यांच्या आभासीकरणाच्या अटी मांडणाऱ्या १९७४ च्या निबंधातील यंत्र-प्रतिमानातही हद्दीबाहेरचा पत्ता मागितल्यास ट्रॅप होतो, म्हणजे कार्यक्रम थांबून ताबा नियंत्रक प्रणालीकडे जातो. तथापि तेथे हेतू संरक्षणाचा होता. हजर असलेले पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) मुद्दाम गैरहजर दाखवून वाचन टिपणे ही निराळी गोष्ट असून ती बहुधा बरीच नंतरची मानावी. २००५ मधील ‘शॅडो वॉकर’ या रूटकिटने (स्वतःला लपवणाऱ्या घुसखोर सॉफ्टवेअरने) वाचनाला एक व अंमलबजावणीला दुसरे पान दाखवले खरे, पण ते हायपरवायझरविना, टीएलबीमधील (प्रोसेसरने पत्त्यांची रूपांतरे जपून ठेवण्याच्या जागेतील) विसंगतीच्या आधारे. त्यामुळे त्याला पूर्वसूरी म्हणणेच सयुक्तिक.

इंटेलच्या ईपीटी या, गेस्टचे पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणाऱ्या तक्त्यातील (साधारण २००८ पासून) प्रत्येक नोंदीचे तळचे तीन बिट अनुक्रमे वाचन, लेखन व अंमलबजावणीची मुभा देतात. वाचनाचा बिट शून्य असताना वाचन झाले, की ‘ईपीटी व्हायोलेशन’ (गेस्टमधून बाहेर पडण्याचे कारण क्र. ४८) घडते. मात्र वाचनाला बंदी आणि लेखनाला मुभा हा संयोग अवैध असून त्यातून ‘मिसकॉन्फिगरेशन’ (४९) उद्भवते. म्हणजे वाचन अडवायचे तर लेखनही अडवावे लागते. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरवायझरने हाच अवैध संयोग उपकरणांचे पत्ते ओळखण्यासाठी मुद्दाम योजला आहे. एएमडीच्या नेस्टेड पेजिंग या समांतर योजनेत वाचनाचा स्वतंत्र बिट नाही. तेथे पूर्ण पानच गैरहजर करावे लागते आणि अंमलबजावणीही अडते.

अडवल्यानंतर हायपरवायझर वाचन करणाऱ्या सूचनेचे (इन्स्ट्रक्शनचे) अनुकरण करतो किंवा पान क्षणभर खुले करून एकच सूचना चालू देतो. दुसरा मार्ग सोपा, पण तेवढ्या वेळात दुसरा आभासी प्रोसेसर तेच पान बिनबोभाट वाचू शकतो. झेन या हायपरवायझरच्या ४.६ आवृत्तीतील आल्टपी२एम हा पर्यायी तक्त्यांचा उपाय या अडचणीवरही चालतो. शिवाय पहारा सहसा ४,०९६ बाइटांच्या पानावर असतो. हवे असतात त्यातले आठ बाइट, पण शेजारच्या माहितीचे प्रत्येक वाचनही अडते आणि वेग घसरतो.

उपकरणांचे डीएमए वाचन (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीतून केलेले) ईपीटीतून जात नाही. त्यासाठी आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांच्या मेमरी-वापरावर नियंत्रण ठेवणारे हार्डवेअर, लागते.