चोरिसाची माळ आणि दोनशे वर्षांचं विष

मे महिना सरत आला की गोव्यात म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, झुंबड उडते. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, आणि एका बाजूला चोरिसाच्या, म्हणजे आतड्यात भरलेल्या डुकराच्या मांसाच्या, माळा. दोऱ्याने आवळलेले लालभडक मणी. हात लावला तर बोटांना चरबी आणि विनेगरचा वास दिवसभर राहतो. पावसाळ्यात डुकराचं मांस टिकवायची ही रीत पोर्तुगिजांबरोबर आली आणि इथं तिला माडाच्या सुरेचं विनेगर मिळालं.

युरोपात मात्र असंच भरलेलं मांस जीव घेत होतं. जर्मनीतल्या विल्डबाडला १७९३ मध्ये १३ जण आजारी पडले, ६ दगावले. डोळ्यांना दोन-दोन दिसायचं, गिळता येईनासं व्हायचं, मग श्वास अडखळायचा. तिकडच्याच युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने (हा गृहस्थ कवीही होता) १८२० पासून अशा रुग्णांच्या नोंदी छापल्या आणि सॉसेजमधलं विष स्वतः चाखूनही पाहिलं! हवा न लागलेल्या मांसात ते तयार होतं, हे त्याने ओळखलं. जंतू सापडायला १८९५ उजाडलं. बेल्जियममधल्या एलझेल गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं कच्चं हॅम (डुकराच्या मांडीचं मांस) खाल्लं; तिघे गेले. व्हान एर्मेंगेम यांनी त्याच हॅममधून जंतू वेगळा केला. त्याच्या बोटुलिनम या नावाचं मूळ लॅटिन ‘बोटुलुस’, म्हणजे सॉसेजच.

या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. पण पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली गेला की ते रुजत नाहीत. आंबट विनेगर, भरपूर मीठ, सोरा (मांस टिकवायचा क्षार), ऊन आणि चुलीवरचा धूर: आपल्या बायकांनी ही शिदोरी प्रयोगशाळेशिवाय जमवली होती.

पुढचे धक्के कारखान्यांनी दिले. १९६४ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनला टिनमधल्या बीफमुळे पाचशेच्या आसपास लोकांना टायफॉइड झाला. डबे थंड करायला नदीचं न शुद्ध केलेलं पाणी वापरलं होतं, आणि दुकानातल्या काप करायच्या यंत्राने टायफॉइडचा जंतू इतर मांसातही पसरला. अमेरिकेत १९९३ मध्ये हॅम्बर्गरमधून झालेल्या विषबाधेत चार मुलं गेली, तेव्हा कुठे तिथल्या मांस कारखान्यांना टप्प्याटप्प्याने धोका तपासायची सक्ती झाली.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्याची नजर मुख्यतः भेसळीवर होती. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि खाटकाचा सुरा, बर्फ, पाणी, ओटा हेही नियमांत आले. याच्या कलम ३५ नुसार विषबाधेचे रुग्ण कळवणं डॉक्टरांना बंधनकारक करता येतं. गोव्यात नमुना उचलायचं काम अन्न व औषध प्रशासनाचं, रुग्ण बघायचं आरोग्य खात्याचं. या दोन टोकांमधली गाठ मला नेहमी सैल वाटते. जुलाब लागले की आपण फार्मसीतून ओआरएस आणतो, दोन दिवस पेज पितो आणि विसरतो. शौचाचा नमुना कुणी देत नाही. मग एकाच दुकानातल्या चिकनने दहा घरं आजारी पडली, हे कळणार कोणाला?

चोरिसही आता हवा काढलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात मिळतं. आंबट-खारट कमी केलं असेल, तर केर्नरने सांगितलेली हवाबंद जागा आयतीच तयार. पाकिटावर ‘फ्रिजमध्ये ठेवा’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. घरी आणल्यावर ते जुन्या सवयीने चुलीवरच्या खुंटीला टांगलं जातं.