खानदेशातली संशोधनपर पुस्तकं आणि प्रकाशकाचा पत्ता

मानव्यविद्या, राजकारण आणि कायदा या विषयांवरची खानदेशातली नवी पुस्तकं पाहिली, की त्यांतली बरीचशी मूळची पीएच.डी.चे प्रबंध असल्याचं लगेच कळतं. अमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली, धुळ्यात १९२७ मध्ये इतिहास संशोधनाचं मंडळ. तिथलं लेखन नोकरीतल्या बढतीशी बांधलेलं नव्हतं. १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं, पुण्याचे खेटे थांबले आणि तालुक्याच्या कॉलेजातले प्राध्यापकही प्रबंधाला बसू लागले.

खरी उलथापालथ झाली २०१० मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांच्या स्थाननिश्चितीला, म्हणजे बढतीला, एपीआयचे (शैक्षणिक कामगिरी मोजणारे) गुण जोडले. एकट्यानं लिहिलेल्या पुस्तकाला आंतरराष्ट्रीय प्रकाशक असेल तर ५० गुण, राष्ट्रीय पातळीवरचा असेल तर २५, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतलेला स्थानिक प्रकाशक असेल तर १५. या १५ गुणांनी जळगाव-धुळ्याच्या छोट्या प्रकाशकांना काम दिलं. चर्चासत्रातले निबंध जसेच्या तसे बांधून 'ग्रंथ' काढण्याचा सपाटाही त्यातूनच सुरू झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. आयएसबीएन भारतात मोफत मिळतो आणि तो फक्त पुस्तकाची ओळख पटवतो. आतल्या मजकुराची हमी तो देत नाही, पण फायलीत तो हमीसारखाच लागत गेला.

मग जुलै २०१८ चे नियम आले. पुस्तकाला आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडे १२ गुण, राष्ट्रीय प्रकाशकाकडे १०. स्थानिक प्रकाशकाचा रकानाच गेला. राष्ट्रीय प्रकाशक कोणाला म्हणायचं, हे त्या तक्त्यात कुठेच नाही. दिल्लीत कार्यालय असलेल्याला? पुण्यातल्या जुन्या प्रकाशकाला? की आयएसबीएन असलेल्या कोणालाही? त्यामुळे निवाडा छाननी समितीच्या मर्जीवर आला. समितीतले सदस्य पुस्तक हातात घेतात, अनुक्रमणिकेच्या आधीचं पान उघडतात आणि प्रकाशकाचा पत्ता वाचतात. मजकुराची पाळी त्यानंतर.

स्थानिक प्रकाशकाला वगळण्याचा हा निर्णय चुकलाच, असं माझं मत आहे. सुमार संग्रह रोखायचे होते, तर परीक्षकांकडून वाचून घेण्याची अट घालता आली असती. पत्त्यावरून चाळण लावली, तर सर्वाधिक फटका बसतो तो जवळून लिहिलेल्या पुस्तकांना. उदाहरणार्थ, जंगलजमिनीवर आदिवासींचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ चा. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्यात त्याचं काय झालं हे लिहायचं, तर ग्रामसभेचे ठराव, दाव्यांच्या पावत्या, जीपीएसचे नकाशे, फेटाळल्याची पत्रं असं सगळं वाचावं लागतं आणि भिली-पावरी बोलणाऱ्यांशी बसून बोलावं लागतं. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, तीही याच दोन तालुक्यांतली. अशा पुस्तकाचा मराठी वाचक मुख्यतः शहादा, नंदुरबार, धुळे इथला. दूरच्या प्रकाशकाला त्यात बाजार दिसत नाही आणि जवळच्या प्रकाशकाकडे दिलं तर गुणांची खात्री नाही. शोधनिबंधांच्या मान्य नियतकालिकांची यादी पुढे आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंदही झाली. पुस्तकांच्या प्रकाशकांसाठी तेवढीही स्पष्टता कधी आली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नियमांच्या नव्या मसुद्यात गुणांच्या तक्त्याऐवजी नऊ क्षेत्रांतलं लक्षणीय योगदान पाहण्याचं सुचवलं आहे. भारतीय भाषांतलं अध्यापन हे त्यांतलं एक.