बसलेला अकिलीस 'चपळ पायांचा' कसा?

'इलियड' आणि 'ओडिसी' या प्राचीन ग्रीक महाकाव्यांच्या मिळून जवळपास 28 हजार ओळी कवी होमरला तोंडपाठ होत्या, असं कौतुकानं सांगतात. पाठोपाठ प्राचीनांच्या अलौकिक स्मरणशक्तीचे गोडवे येतात. या चमत्कारकथेमुळे खरी कारागिरी झाकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

'इलियड'च्या पहिल्या सर्गात ग्रीक वीर अकिलीस रागावून जहाजांपाशी बसून आहे. तरी तिथेच त्याला 'चपळ पायांचा' म्हटलंय. हे विशेषण प्रसंगासाठी नाही, मात्रांसाठी आहे.

शाळेतले लघु-गुरु आठवा. होमरच्या वृत्ताच्या ओळीत सहा गट. प्रत्येक गट म्हणजे भगण (गुरु-लघु-लघु) किंवा दोन गुरु. शेवटचं अक्षर गुरु धरलं की एकूण 24 मात्रा. समजा, गायक 16 मात्रांपर्यंत आलाय आणि अकिलीसच्या नावावर ओळ संपवायची आहे. मग 'दीओस अखिल्लेउस' (देवतुल्य अकिलीस), बरोबर 8 मात्रा. 14 झाल्या असतील तर 'पोदस ओकुस अखिल्लेउस' (चपळ पायांचा), 10 मात्रा. इथला आणि पुढच्या तुकड्यातला 'पो' ऱ्हस्व आहे. 11च झाल्या असतील तर 'पोदार्केस दीओस अखिल्लेउस', 13 मात्रा. आणि 'ओडिसी'चा नायक ओडिसियस याच्यासाठीही नेमके 8, 10, 13 मात्रांचेच तुकडे तयार! प्रत्येक नावासाठी एका मापाला सहसा एकच तुकडा. हे एकट्या कवीचं काम नव्हे, गायकांच्या पिढ्यांनी ते घडवलंय. गायक पाठ केलेलं आठवत नव्हता, गाता गाता रचत होता.

मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं हा हिशेब 1928 मध्ये मांडला. पुढे 1933 ते 1935 या काळात त्यानं युगोस्लाव्हियातल्या गायकांची ध्वनिमुद्रणं केली. अवदो मेजेदोविच या निरक्षर गायकानं सांगितलेलं एक काव्य 12 हजारांहून अधिक ओळींचं भरलं. तिथले गायक 'शब्दन् शब्द तोच' म्हणत, पण दोन वेळचं गाणं ताडून पाहिलं की शब्द बदललेले असत. आपलं वेदपठण याच्या अगदी उलट: तिथे एक स्वरही हलू द्यायचा नाही.

मग लेखन आलं. फिनिशियन लिपीत फक्त व्यंजनं होती. ग्रीकांनी त्यातली काही चिन्हं स्वरांना दिली, 'अलेफ'चा 'अल्फा' झाला. इटलीजवळच्या इस्किया बेटावर सापडलेल्या, इ.स.पू. आठव्या शतकातल्या मातीच्या पेल्यावर तीन ओळी खरवडल्या आहेत. शेवटच्या दोन होमरच्याच वृत्तातल्या: यातून जो पिईल, त्याला तत्काळ प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीची ओढ लागेल. आणि ॲफ्रोडाइटी तिथेही नुसती येत नाही. 'सुंदर मुकुटाची' हे विशेषण तिच्या आधी आहेच.