फायबर ऑप्टिक कनेक्टर : मोल्डेड घटकांची निर्मिती

दोन ऑप्टिकल फायबरांची टोके समोरासमोर आणून त्यांचे गाभे एका अक्षरेषेत धरून ठेवणाऱ्या, पण हवी तेव्हा सोडवता येणाऱ्या जोडणीस कनेक्टर म्हणतात. कनेक्टरमधील स्प्रिंग, क्रिंप रिंग असे थोडे भाग धातूचे असतात. फायबरचे टोक आपल्या बारीक भोकात धरणारे फेरूल, आतील चौकट, बाहेरील कवच म्हणजे हाउसिंग, केबलला आधार देणारा बूट, धूळटोपी आणि दोन कनेक्टरांना सामावून घेणारा अडॅप्टर हे भाग बहुधा साच्यातून निघतात. साच्यात जाणारा माल तीन प्रकारचा असतो : वितळवलेले उष्मामृदू प्लास्टिक, तापवल्यावर कायमचे घट्ट होणारे उष्मादृढ रेझीन आणि बंधकात कालवलेली सिरॅमिकची भुकटी. तिन्ही माल साच्यात एका मापाचे असतात आणि बाहेर आल्यावर दुसऱ्या मापाचे होतात. हा फरक आधीच अचूक ओळखणे हे या व्यवसायाचे मुख्य कौशल्य होय.

संज्ञा व नावे : ‘फेरूल’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला. ‘लहान कडे’ अशा अर्थाच्या ‘विरिओला’ या लॅटिन शब्दापासून तो जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आणि ‘फेरम’, म्हणजे लोखंड, या शब्दाच्या प्रभावाने त्याचे रूप पालटले, असे सामान्यतः मानले जाते. काठीच्या किंवा मुसळाच्या टोकाला बसवलेल्या लोखंडी कड्याला मराठीत शेंबी म्हणतात, आणि मूळ अर्थाने हाच शब्द फेरूलला सर्वांत जवळचा आहे. मात्र शेंबी टोक झिजू नये म्हणून बसवतात, तर कनेक्टरचे फेरूल टोक जागच्या जागी राहावे म्हणून असते. म्हणून या नोंदीत रूढ झालेला फेरूल हाच शब्द ठेवला आहे.

कनेक्टरांच्या आद्याक्षरी नावांबाबत एकवाक्यता नाही. ‘एससी’ या अक्षरांचा विस्तार सब्स्क्रायबर कनेक्टर, स्क्वेअर कनेक्टर आणि स्टँडर्ड कनेक्टर असा तीन प्रकारे दिला जातो. हा कनेक्टर जपानच्या एनटीटी या दूरध्वनी कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास ग्राहकांच्या घरापर्यंत जाणाऱ्या जाळ्यासाठी विकसित केला हे लक्षात घेता पहिला विस्तार अधिक सयुक्तिक वाटतो. ‘स्क्वेअर’ हा त्याच्या चौकोनी मुखावरून मागाहून लावलेला अर्थ असावा. ‘एलसी’चेही लूसेंट, लिटल आणि लोकल असे तीन विस्तार आढळतात. १९९० च्या दशकात तो लूसेंट कंपनीतूनच बाहेर आला असल्याने त्यांपैकी पहिला येथे ग्राह्य धरला आहे. ‘एसटी’ हे नाव स्ट्रेट टिप यावरून आले असे बहुतेक ठिकाणी दिले जाते. ही चर्चा केवळ शाब्दिक नाही, कारण साचा बनवणाऱ्याकडे येणाऱ्या नकाशावर पुष्कळदा एवढी दोन अक्षरेच असतात आणि मापे त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मानकातून घ्यावी लागतात : एससीसाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६१७५४-४, एलसीसाठी ६१७५४-२० आणि अनेक फायबर एकत्र जोडणाऱ्या एमपीओसाठी ६१७५४-७.

उगम : साच्यातून काढलेला पहिला कनेक्टर-घटक कोणता, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या बायकोनिक कनेक्टरचा शंक्वाकृती प्लग सिलिकाची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सीपासून ट्रान्सफर मोल्डिंगने, म्हणजे तापवलेला माल दट्ट्याने बंद साच्यात ढकलून, बनवत असत. साच्यातून निघालेला प्लग तसाच पुरेसा समकेंद्री नसे, म्हणून फायबरच्या संदर्भाने त्याचा बाह्य शंकू नंतर घासून जुळवावा लागे. यावरून बायकोनिक प्लगला खऱ्या अर्थाने मोल्डेड म्हणू नये, असा आक्षेप घेता येतो. त्या दृष्टीने, नंतर घासकाम न करता साच्याच्याच अचूकतेवर विसंबणारे पहिले महत्त्वाचे उदाहरण म्हणजे एनटीटीने १९८० च्या दशकात तयार केलेले, अनेक फायबर एकत्र धरणारे एमटी फेरूल ठरते. तथापि हा निकष कसोशीने लावला तर आजचे सिरॅमिक फेरूलही मोल्डेड ठरणार नाही, कारण भट्टीतून आल्यावर तेही घासलेच जाते. म्हणून आरंभ बायकोनिकपासून धरणे अधिक योग्य दिसते. एफसी, एसटी, एससी या २.५ मिलिमीटर फेरूलच्या पिढीने बायकोनिकची जागा १९८० च्या दशकात हळूहळू घेतली. फेरूलचे सिरॅमिकही याच सुमारास बदलले : आधीचे ॲल्युमिना काचेच्या मानाने फार कठीण असल्याने पॉलिश करताना फायबर आणि फेरूल एकसारखे झिजत नसत, झिर्कोनियाने ही अडचण पुष्कळशी दूर केली.

अचूकतेची गरज : सिंगल-मोड, म्हणजे प्रकाशाला एकच मार्ग देणाऱ्या, फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन व्यासाचा आणि त्यावरील काचेचे आवरण १२५ मायक्रॉनचे असते. दोन गाभ्यांच्या अक्षांत अंतर पडले की होणारा क्षय त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशक्षेत्राचा व्यास ९.२ मायक्रॉन धरल्यास १ मायक्रॉन अंतराने सुमारे ०.२ डेसिबल, म्हणजे साधारण साडेचार टक्के प्रकाश वाया जातो; २ मायक्रॉन अंतराला हाच क्षय सुमारे ०.८ डेसिबल, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. एका मार्गावर अशा अनेक जोडण्या असतात. म्हणून फेरूलचे भोक आणि त्याचा बाह्य व्यास यांची समकेंद्रता १ मायक्रॉनच्या आत ठेवावी लागते, आणि साध्या प्लास्टिक मोल्डिंगचे नेहमीचे हिशेब येथे पुरे पडत नाहीत.

सिरॅमिक फेरूल : एससी, एफसी व एसटी यांचे फेरूल २.५ मिलिमीटर आणि एलसीचे १.२५ मिलिमीटर व्यासाचे असते. इट्रियाने स्थिर केलेल्या झिर्कोनियाची अतिसूक्ष्म भुकटी मेण व बहुवारिकाच्या बंधकात कालवून हे मिश्रण इंजेक्शन मशीनमधून साच्यात दाबतात. मिश्रणात भुकटी घनफळाने निम्म्याच्या आसपास असते. साच्यातून निघालेला कच्चा तुकडा हाताळण्यापुरता घट्ट असतो. त्यातील बंधक अतिशय सावकाश तापवत काढून टाकतात, कारण घाई केल्यास आतल्या वायूने तुकडा फुगतो किंवा तडकतो. मग सुमारे १४०० अंश सेल्सिअसला त्याचे सिंटरण करतात, म्हणजे न वितळवता कण एकमेकांना घट्ट चिकटेपर्यंत भाजतात. या टप्प्यात प्रत्येक लांबी अंदाजे एक-पंचमांशाने घटते. २.५ मिलिमीटरचे फेरूल हवे असेल तर कच्चा तुकडा ३.१ मिलिमीटरहून अधिक ठेवावा लागतो, आणि घासण्यासाठीची सूट त्याशिवाय धरावी लागते. घनफळ तर जवळजवळ निम्मे होते, म्हणजे बंधकाने व्यापलेली जागाच नाहीशी होते.

एवढे आक्रसणारे भोक साच्यातूनच मायक्रॉनच्या मापाचे येणे शक्य नसते. ते मुद्दाम लहान ठेवतात आणि हिऱ्याच्या भुकटीचा लेप दिलेली तार त्यातून ओढून १२५ मायक्रॉनपेक्षा किंचित मोठे करतात. यानंतर त्या भोकालाच आधार धरून बाहेरचा व्यास घासतात. हा क्रम उलटा केल्यास समकेंद्रता हाती येत नाही. एवढे करूनही उरणारा चुकार अंश कनेक्टर जोडताना सांभाळतात : फेरूल त्याच्या कॉलरसह चार किंवा सहा निश्चित स्थितींपैकी एकीत फिरवून गाभ्याचा कल ठरावीक दिशेला ठेवला जातो. त्यामुळे प्लास्टिक हाउसिंगमधील कॉलरची बैठक ही वरवर गौण दिसणारी मोल्डेड जागा प्रकाशाच्या क्षयाशी थेट जोडलेली असते. आज अशा फेरूलचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मुख्यतः जपान आणि चीनमध्ये होते. चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील चाओचौ हे त्याचे प्रमुख ठिकाण आहे.

अनेक फायबरांचे फेरूल : एमपीओ कनेक्टरमधील एमटी फेरूल आयताकृती असते. त्याच्या मुखाची मापे सुमारे ६.४ × २.५ मिलिमीटर असून त्यावर १२ भोके एकमेकांपासून ०.२५ मिलिमीटर अंतरावर असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना ०.७ मिलिमीटर व्यासाच्या मार्गदर्शक पिनांची भोके असतात आणि या दोन भोकांमधील अंतर ४.६ मिलिमीटर असते. येथे नंतर घासून जुळवण्यास वाव नसतो. साच्यातून निघेल तेच अंतिम माप होय. आक्रसण्याच्या अंदाजात केवळ ०.१ टक्क्याची चूक झाली तर ४.६ मिलिमीटरवर ती ४.६ मायक्रॉन भरते आणि फेरूल बाद ठरते. हीच चूक सुमारे ९ मिलिमीटर रुंदीच्या एससी हाउसिंगवर ९ मायक्रॉन भरेल, पण तेथे ती बहुधा कोणाच्या लक्षातही येणार नाही. मोल्डेड घटकांचे दोन वेगळे जिन्नस का मानावेत, हे या एका तुलनेवरून स्पष्ट होते.

एमटी फेरूल आरंभी सिलिकायुक्त इपॉक्सीचे असे. पुढे पॉलीफिनिलीन सल्फाइड, म्हणजे पीपीएस, हे उष्मामृदू प्लास्टिक रूढ झाले. त्यात भर म्हणून काचेच्या तंतूंऐवजी सिलिकाचे गोल कण अधिक पसंत करतात. तंतू प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि मग तुकडा लांबीत कमी व रुंदीत जास्त आक्रसतो. गोल कणांना दिशा नसते. पीपीएससाठी साचा १३५ अंशांच्या वर तापलेला ठेवावा लागतो, अन्यथा स्फटिकीभवन अपुरे राहते आणि तुकडा नंतर वापरात गरम झाल्यावर पुन्हा आक्रसतो. भोके घडवणाऱ्या पिना केसाएवढ्या बारीक असल्याने प्रवाह एका बाजूने जोरात आला तर त्या वाकतात. म्हणून गेटची, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडाची, जागा आणि भरण्याचा वेग ठरवणे हे साच्याच्या आखणीतील सर्वांत नाजूक काम मानले जाते.

हाउसिंग, बूट व अडॅप्टर : हाउसिंगसाठी पॉलीब्युटिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे पीबीटी, आणि पॉलीइथरइमाइड ही प्लास्टिके प्रचलित आहेत. फेरूलमागील स्प्रिंगचा दाब एससीत सुमारे १० न्यूटन असतो आणि तो हाउसिंगने वर्षानुवर्षे पेलायचा असतो. म्हणून भाराखाली हळूहळू सरकणारे प्लास्टिक येथे चालत नाही. उलट एलसीची लवचीक खिट्टी शेकडो वेळा दाबली जाते, आणि काचतंतूंचे प्रमाण वाढवले तर ती मोडते. ताठरपणा आणि लवचीकपणा यांतील ही ओढाताण एकाच तुकड्यात सोडवावी लागते. बूट मऊ इलॅस्टोमरचा असतो. रंग संकेताने ठरलेले आहेत : सिंगल-मोडच्या सरळ पॉलिशला निळा, ८ अंश तिरप्या पॉलिशला हिरवा आणि जुन्या मल्टिमोडला फिकट बदामी. रंगद्रव्यानेही आक्रसण्यात थोडा फरक पडतो. त्यामुळे निळ्या मालावर मंजूर झालेला साचा हिरव्या मालावर पुन्हा तपासून घेणे शहाणपणाचे असते.

नाशिकमधील साचेकाम : नाशिकला सूक्ष्म मापाच्या कामाची सवय लागली ती प्रामुख्याने दोन उद्योगांमुळे. १९६४ मध्ये ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना स्थापन झाला, आणि पुढे सातपूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे मायकोचा, डिझेल इंजेक्टर व नोझल बनवणारा कारखाना उभा राहिला. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तरी शहरात मायको सर्कल हे चौकाचे नाव टिकून आहे. नोझलच्या सुईत आणि तिच्या घरात काही मायक्रॉनचीच फट ठेवावी लागते. हे काम करून शिकलेल्या कारागिरांतून सातपूर आणि अंबड वसाहतींतील अनेक टूलरूमना, म्हणजे साचे घडवणाऱ्या कार्यशाळांना, हात मिळाले, असे मानण्यास जागा आहे. दुसरीकडे एबीबी, सीजी पॉवर यांसारख्या स्विचगिअर उत्पादकांमुळे पीबीटी, पॉलिअमाइड आणि उष्मादृढ मालाचे मोल्डिंग जॉबवर्क म्हणून येथे रुळले. शेजारी छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज व शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीज कंपनी ऑप्टिकल फायबर बनवते, त्यामुळे या मालाचे ग्राहकही फार दूर नाहीत.

हे पाहता नाशिकच्या मोल्डिंग दुकानांना हाउसिंग, अडॅप्टर, बूट व धूळटोपी हे काम स्वाभाविक आहे. सिरॅमिक फेरूलला लागणारी भट्टी आणि तारघासणी हा मात्र वेगळाच धंदा आहे. कारखान्यांत प्लास्टिकच्या मोल्डलाही पुष्कळदा डायच म्हणतात आणि तो घडवणारा डायमेकर. कॅव्हिटीचे, म्हणजे साच्यातील पोकळीचे, कोपरे स्पार्कवर (विद्युत ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या यंत्रावर), आरपार जागा वायरकटवर (तारेने तेच काम करणाऱ्या यंत्रावर) आणि गोल इन्सर्ट (साच्यात बसवायचे सुटे तुकडे) ग्राइंडिंगवर काढतात. काचतंतूंचा माल पोलाद खातो, म्हणून कॅव्हिटी ५० रॉकवेल सीच्या वर कठीण केलेल्या पोलादात करणे आणि गेटजवळचा इन्सर्ट बदलता येण्याजोगा ठेवणे इष्ट असते. साच्याचे दोन भाग मिटतात त्या रेषेवर फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेली मालाची पातळ कड, आला तर कनेक्टर अडॅप्टरमध्ये अडकतो. हातातल्या सुरीने ती कड काढता येते, पण सुटलेला बारीक कण फेरूलच्या मुखावर बसण्याचा धोका राहतो. त्यामुळे इतर मालात चालणारी ही दुरुस्ती येथे टाळावी.

पावसाळ्यात माल वाळवण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पीबीटीचे दाणे ओलसर राहिले तर वितळताना पाण्याने त्याच्या रेणूसाखळ्या तुटतात. तुकडा दिसायला ठीक असतो, पण खिट्टी काही दिवसांनी मोडते. सुमारे १२० अंशांना तीन-चार तास वाळवून ओलावा ०.०४ टक्क्याच्या खाली आणणे हा नेहमीचा दंडक आहे. जून ते सप्टेंबर या काळात साध्या गरम हवेच्या हॉपरऐवजी कोरडी हवा देणारा ड्रायर लागतो, आणि वाळलेला माल हॉपरमध्ये उघडा राहू देत नाहीत. तुकड्याचे वजन ग्रॅमभर किंवा त्याहून कमी असल्याने कोल्ड रनरच्या साच्यात रनरचे, म्हणजे मालाच्या वाटेत घट्ट झालेल्या प्लास्टिकचे, वजन अनेकदा तुकड्यांपेक्षा जास्त भरते. तो दळून पुन्हा वापरण्याचा मोह साहजिक आहे. मात्र ज्वालारोधाचे प्रमाणपत्र असलेल्या मालात यूएल या अमेरिकी सुरक्षा-प्रमाणन संस्थेच्या नियमांनुसार असे रिग्राइंड सर्वसाधारणपणे वजनाने २५ टक्क्यांपर्यंतच चालते, आणि खिट्टी असलेल्या भागांसाठी अनेक ग्राहक तेही नाकारतात.

तपासणी : हाउसिंग व अडॅप्टर पिन गेजने आणि मापन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जोडून पॉलिश केलेल्या फेरूलचे मुख इंटरफेरोमीटरवर पाहतात. २.५ मिलिमीटर फेरूलच्या सरळ पॉलिशमध्ये मुखाची वक्रतात्रिज्या सामान्यतः १० ते २५ मिलिमीटर आणि शिखराचे, म्हणजे मुखाच्या सर्वांत उंच बिंदूचे, मध्यापासूनचे विचलन ५० मायक्रॉनच्या आत असावे लागते. मुखावरील ओरखडे व कण यांची प्रतवारी आयईसी ६१३००-३-३५ प्रमाणे होते. साच्याच्या प्रत्येक कॅव्हिटीला क्रमांक देऊन तो तुकड्यावर उमटवण्याची पद्धत आहे, त्यामुळे तपासणीत बाद झालेला तुकडा कोणत्या कॅव्हिटीतून आला हे कळते आणि सबंध साचा न थांबवता तेवढीच जागा बंद करता येते.