लहान कॅबिनेट, थोडं बजेट: कॉम्पॅक्ट गेमिंग पीसी इथवर कसा आला

कमी जागेत मावणारा गेमिंग पीसी कमी पैशात हवा म्हटलं, की दुकानदार आधी विचारतो: लहान हवा की स्वस्त हवा? त्याचं चूक नसतं. त्याच चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपचा) मिनी-आयटीएक्स मापाचा छोटा मदरबोर्ड त्याहून मोठ्या मायक्रो-एटीएक्सपेक्षा महाग पडतो, छोटा एसएफएक्स एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) नेहमीच्या एसएमपीएसपेक्षा महाग पडतो आणि हे दोन्ही ज्यात बसतात ते कॅबिनेटही महागच असतं. यामागे पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. गेमिंगसाठी म्हणून मुद्दाम लहान केलेली वस्तू कधी स्वस्त झाली नाही. स्वस्त लहान पीसी जमला, तो दुसऱ्याच कुणासाठी बनलेल्या सामानातून.

आज आपण वापरतो त्या मापांचा पाया इंटेलने १९९५मध्ये घातला. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. १९९७ अखेरीस आलेला मायक्रो-एटीएक्स दोन्ही बाजूंनी २४४. नोव्हेंबर २००१मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने १७० मिलिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स जाहीर केला. व्हियाच्या डोळ्यांसमोर गेमर नव्हताच. कंपनीला आपले कमी वीज खाणारे प्रोसेसर खपवायचे होते, म्हणजे गिऱ्हाईक होतं किऑस्क, कारखान्यातली यंत्रं आणि टीव्हीखाली ठेवायचे आवाज न करणारे डबे. सुरुवातीच्या ईपिया बोर्डांवर प्रोसेसर कायमचा डकवलेला असे आणि कार्डासाठी एकच पीसीआय स्लॉट असे. त्यावर तेव्हाचा दमदार गेम चालवणं शक्यच नव्हतं.

गेमरकडे लक्ष दिलं ते तैवानच्याच शटलने. युरोप-अमेरिकेत तेव्हा लॅन पार्टीचा जोर होता. पोरं आपापला कॉम्प्युटर आणि जाडजूड मॉनिटर गाडीत घालून एका हॉलमध्ये जमत आणि रात्रभर खेळत. भलामोठा टॉवर उचलून नेण्याचा वैताग शटलने ओळखला. २००२च्या एसएस५१जी या मॉडेलमध्ये पेंटियम ४ प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा एजीपी स्लॉट दोन्ही एका छोट्या ॲल्युमिनियमच्या डब्यात बसले. प्रोसेसरची उष्णता हीट पाइपने मागच्या पंख्यापर्यंत नेली जायची. कल्पना सुंदर होती, पण बोर्ड, एसएमपीएस आणि कुलर सगळं शटलच्याच मापाचं. एक भाग गेला की बाजारातला दुसरा त्यात बसत नसे.

आपल्याकडे ही गरज त्या काळी निर्माणच झाली नाही. इथे खेळणारा पीसी उचलून नेत नव्हता. तो सायबर कॅफेत जात होता. काउंटर-स्ट्राइक तिथेच तासाच्या दराने खेळलं जाई. घरचा पीसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये असेंबल करून घेतलेला, टेबलाखालच्या टॉवरमध्ये. भारत १९९७मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि कॉम्प्युटर व त्याच्या बऱ्याचशा भागांवरचं मूळ आयात शुल्क २००५पर्यंत शून्यावर आलं. असेंबल्ड पीसीची चलती वाढली, पण मोठ्या कॅबिनेटचीच. ज्याला उठाव नाही तो माल दुकानदार भरत नाही आणि जो माल मोजका येतो त्याचा भाव उतरत नाही. मिनी-आयटीएक्सचं इथलं दुखणं आजही हेच आहे.

दुसरं कारण बोर्डाच्या घडणीत आहे. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स स्लॉट यांच्यामधल्या तांब्याच्या वाटा लहान बोर्डावरही जवळपास तितक्याच लागतात, जागा मात्र कमी. मग थर वाढवावे लागतात आणि वीज नियंत्रित करणारे भाग दाटीवाटीने बसवावे लागतात. २०१३च्या सुमारास हौशी मंडळींनी लोकवर्गणीतून १२.६ लिटरचं एनकेस एम१ तयार करून घेतलं, पुढे ७.२ लिटरचं डॅन ए४-एसएफएक्स आलं. मोठं ग्राफिक्स कार्ड पोटात घेणारी ही कॅबिनेट कारागिरीचा नमुना आहेत. तंग बजेटवाल्याने ती फक्त पाहायची.

त्याच्यासाठी वाट उघडली ती तीन बाजूंनी.

पहिली बाजू ग्राफिक्स कार्डांची. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. फेब्रुवारी २०१४मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटमध्ये भागवू लागलं, ऑक्टोबर २०१६मध्ये १०५० टीआय ७५ वॅटमध्ये बसलं, २०१९मध्ये १६५० आलं. यांच्या बऱ्याच आवृत्त्यांना एसएमपीएसमधून वेगळी वायर लागत नव्हती आणि काही लो-प्रोफाइलही होत्या, म्हणजे अर्ध्या उंचीच्या.

दुसरी बाजू प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीची. फेब्रुवारी २०१८मध्ये रायझन ३ २२००जी आणि रायझन ५ २४००जी हे ग्राफिक्स आतच असलेले प्रोसेसर आले आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय गेम खेळणं ही तडजोड राहिली नाही. हलके ऑनलाइन गेम त्यावर आरामात चालत. २०१९च्या एएसरॉक डेस्कमिनी ए३००ने असा प्रोसेसर १५५ बाय १५५ बाय ८० मिलिमीटरच्या, म्हणजे दोन लिटरहून कमी जागेत बसवला. या प्रोसेसरना स्वतंत्र ग्राफिक्स मेमरी नसते, ते रॅमच वापरतात. त्यामुळे १६ जीबीची एक स्टिक घेण्याऐवजी ८-८च्या दोन घेतल्या तर गेमच्या वेगात चांगलाच फरक पडतो. बजेट जुळवताना नेमकी इथेच काटछाट होते, याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरी बाजू मला सगळ्यात मोलाची वाटते: ऑफिसातून निघालेले पीसी. मोठ्या कंपन्या डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर घाऊक घेतात आणि काही वर्षांनी एकदमच बदलतात. काढलेली यंत्रं रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. ऑप्टिप्लेक्स ७०१०च्या एसएफएफ, म्हणजे लहान आकाराच्या, मॉडेलचं उदाहरण घ्या. झाकण खटका ओढून उघडतं, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. आत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि २४० वॅटचा एसएमपीएस असतो. कार्डासाठी जागा अर्ध्या उंचीची, म्हणून लो-प्रोफाइल कार्डच घ्यायचं आणि त्याची मागची १२ सेंटिमीटरची पट्टी काढून सोबत आलेली ८ सेंटिमीटरची पट्टी लावायची. सेकंडहँड कार्ड घेताना ही आखूड पट्टी सोबत आहे का, हे आधी विचारावं. ती हरवलेली असली तर नंतर शोधत बसावं लागतं. कार्डाची जाडीही पाहावी, कारण दोन स्लॉटचं कार्ड प्रत्येक कॅबिनेटमध्ये बसत नाही. एसएमपीएस कंपनीच्याच मापाचा असल्याने नंतर मोठं कार्ड घालायची सोय नाही.

असं जुळवलेलं गणित ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो चलन कमावण्याच्या धंद्याने, म्हणजे मायनिंगने, विस्कटलं. २०१७-१८मध्ये आणि पुन्हा २०२०पासून ग्राफिक्स कार्डांचे भाव सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेले. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धतच सोडली, तेव्हा कुठे कार्डं त्यातून मोकळी झाली. मधल्या काळात एएमडीचं आरएक्स ६४०० आलं. ५३ वॅटचं हे कार्ड लहान कॅबिनेटसाठीच घडल्यासारखं दिसतं, पण त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन (माहितीच्या ये-जा करण्याच्या वाटा) आहेत. जुन्या ऑफिस पीसीच्या पीसीआय एक्सप्रेस ३.० स्लॉटमध्ये काही गेममध्ये ते स्पष्ट मागे पडतं. २०२४च्या सुरुवातीला आलेलं ७० वॅटचं ६ जीबी आरटीएक्स ३०५० तिथे जास्त विश्वासाचं.

सरकारी कागदातही हा आकार एकदा येऊन गेला. ३ ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेने लॅपटॉप आणि टॅब्लेटबरोबर ‘अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर’ कॉम्प्युटरच्या आयातीला परवाना सक्तीचा केला. ओरड झाल्यावर अंमलबजावणी पुढे गेली आणि १ नोव्हेंबरपासून त्याजागी ऑनलाइन मंजुरीची व्यवस्था आली. सुटे भाग या यादीत नव्हते, त्यामुळे असेंबल करणारे यातून सुटले.

मग १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, म्हणून त्याआधीचे ऑफिस पीसी नियमाने बाद ठरतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) त्यांवर लिनक्स टाकून पुष्कळ गेम खेळता येतात. व्हॅलोरंट मात्र लिनक्सवर चालत नाही. ज्याला तेच खेळायचं आहे त्याने आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचं यंत्र शोधावं.

२०२५च्या अखेरीस एआयच्या मागणीने रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि डिसेंबरमध्ये रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल हा आपला किरकोळ बाजारातला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा पीसी जोडणाऱ्याच्या यादीत त्यामुळे रॅमचा आकडा भलताच फुगला. रिफर्बिश्ड ऑफिस पीसी मात्र रॅमसकट येतो. आठव्या पिढीच्या यंत्रांत डीडीआर४ रॅम असते, तेव्हा आज किंमत विचारताना आत किती जीबी आहे आणि एक स्टिक आहे की दोन, हे झाकण उघडून बघूनच सौदा करावा.